लॅपटॉपची बॅटरी खरंच किती तास चालते? चाचणी लावताना ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करू नका

बेळगाव / निपाणी : लाईट गेली की आधी घरातला वायफाय राउटर गप्प होतो. मग मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचा आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांवर नजर ठेवून काम रेटायचं. दुकानात सांगितलेलं असतं, ‘आठ तास आरामात चालेल.’ प्रत्यक्षात ऑनलाइन मुलाखत अर्ध्यावर असतानाच स्क्रीन काळी पडते. हेस्कॉमच्या हद्दीत असो की कोगनोळी टोलनाक्यापलीकडे महावितरणच्या हद्दीत, हा अनुभव सगळीकडे सारखाच.

मग कुणीतरी सांगतो, ‘बॅटरी टेस्ट करून बघ.’ इंटरनेटवर चाचणीचे प्रोग्राम मिळतात, इंजिनिअरिंगची मुलं स्वतः स्क्रिप्ट लिहितात. पण बहुतेक जण पहिल्याच पायरीला चुकतात. चाचणी मध्येच थांबू नये म्हणून ते लॅपटॉपचं पॉवर मॅनेजमेंटच बंद करून टाकतात. मग जो आकडा येतो, तो आपण रोज वापरतो त्या मशीनचा नसतोच. त्या आकड्यावर विसंबून कुणी चांगली बॅटरी उगाच बदलतं, तर कुणी खराब बॅटरीचा जुना लॅपटॉप चांगला समजून घेतं. दोन्हीकडे पैसे आपलेच जातात.

चाचणी आपोआप चालावी आणि पॉवर मॅनेजमेंटही चालू राहावं, यासाठी काय करायचं, याची ही माहिती. जपून ठेवा, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

पॉवर मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉप चालू असला तरी त्यातला प्रत्येक भाग सतत राबत नसतो. आपण एक ओळ टाइप करतो, थांबतो, वाचतो. त्या थांबण्याच्या काळात प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि काही भाग क्षणभर बंदही ठेवतो. काही मिनिटं हात लावला नाही तर स्क्रीन मंद होते, मग बंद होते. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तीही थांबते. शेवटी सगळं मशीन स्लीपमध्ये जातं.

ही सगळी कामं एकटं विंडोज करत नाही. मशीनच्या आतला बायोस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीने टाकलेलं सॉफ्टवेअर असे तिघे मिळून ती करतात. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली, तेव्हा बहुतेक निर्णय बायोसच्या हातात असत. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नियमसंच जाहीर केला. त्यानंतर निर्णयाचा मोठा वाटा ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. आजचे विंडोज लॅपटॉप अजून त्याच एसीपीआयच्या पायावर चालतात.

याच्यावर कंपनीची आपली भर असते. लेनोव्होचं व्हँटेज, आसुसचं मायआसुस, तसंच डेल, एचपी आणि एसरची आपापली सॉफ्टवेअर. पंख्याचा वेग, शांत किंवा वेगवान मोड, चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचं, अशा गोष्टी बऱ्याचदा यांच्याकडे असतात. ‘फालतू सॉफ्टवेअर आहे, काढून टाक’ म्हणून ते उडवलं की मशीनचं वागणं बदलू शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

डुलकी वेगळी, झोप वेगळी

इथेच सगळी गफलत होते. मशीनची झोप म्हणजे स्लीप. स्लीप आली की चाचणी थांबते, म्हणून ती रोखावीच लागते. पण दोन कामांच्या मध्ये प्रोसेसर जी डुलकी काढतो, ती रोखायची नाही. बॅटरीची खरी बचत त्या डुलकीतच असते.

चाचणी लावणारे लोक झोप रोखायला जातात आणि डुलकीही बंद करून बसतात. नेहमी होणाऱ्या चुका अशा :

एक, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर टाकणं. त्यात स्लीप लांबते असा समज आहे. प्रत्यक्षात प्रोसेसर जास्त वेगाने पळतो आणि बॅटरी लवकर संपते.

दोन, टास्क मॅनेजर उघडून कंपनीच्या पॉवर सर्व्हिस बंद करणं. ‘मध्ये काही अडथळा नको’ हा हेतू चांगला, पण रोजच्या वापरात ती सर्व्हिस चालू असते. मग चाचणीत ती बंद कशी चालेल?

तीन, माऊस आपोआप हलवणारा प्रोग्राम लावणं. विंडोजला वाटतं माणूस बसलाय. त्यामुळे स्क्रीन मंद होत नाही, बंद होत नाही. रोज आपण चहाला उठतो तेव्हा जी स्क्रीन विझते, ती चाचणीत तासन् तास जळत राहते.

चार, एका मागून एक काम न थांबता करायला लावणं. पान उघडलं की लगेच दुसरं, लगेच तिसरं. माणूस असं वाचत नाही. मध्ये थांबाच नसेल तर पॉवर मॅनेजमेंट चालू असूनही त्याला काम करायला जागा मिळत नाही. त्याला फार तर मशीनची दमछाक म्हणता येईल, बॅटरीची चाचणी म्हणता येणार नाही.

मोठ्यांचीही झाली होती फसगत

ही चूक फक्त घरगुती नाही. अमेरिकेतली ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी नामांकित संस्था ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ यांनी २०१६ च्या डिसेंबरात ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोची शिफारस करायला नकार दिला. कारण बॅटरीच्या आकड्यांचा मेळ लागत नव्हता. १३ इंची टचबार मॉडेल पहिल्या फेरीत १६ तास चाललं, दुसऱ्या फेरीत पावणेतेरा आणि तिसऱ्या फेरीत फक्त पावणेचार तास. मशीन तेच, चाचणी तीच.

त्यांची चाचणी आपोआप चालणारी होती. प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवरची दहा वेब पानं एकापाठोपाठ उघडायची आणि बॅटरी संपेपर्यंत तेच चालू ठेवायचं. प्रत्येक वेळी पान नव्याने उतरावं म्हणून त्यांनी सफारी ब्राउझरमधली कॅशे, म्हणजे उघडलेली पानं साठवून ठेवण्याची सोय, बंद केली होती. ही सेटिंग डेव्हलपर लोकांसाठी असते, सामान्य माणूस तिथे जात नाही. ती बंद केल्यावर सफारीतला एक दडलेला दोष जागा व्हायचा आणि बॅटरी धडाधड उतरायची. ॲपलने दोष दुरुस्त केला, पुन्हा चाचणी झाली आणि १२ जानेवारी २०१७ रोजी संस्थेने शिफारस दिली. त्या फेरीत तिन्ही मॉडेल १५ तासांच्या वर चालली.

यात चूक दोन्हीकडे होती असं म्हणता येईल. दोष सफारीत होता हे खरं. पण वापरणारा जी सोय कधी बंद करत नाही, ती चाचणीसाठी बंद केली म्हणूनच तो इतका मोठा दिसला.

याच्या उलटी तक्रारही झाली आहे. २००९ साली एएमडी कंपनीने त्या काळच्या ‘मोबाईलमार्क २००७’ या चाचणीवर जाहीर टीका केली. त्या चाचणीत स्क्रीन खूप मंद ठेवलेली, वायफाय बंद आणि प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा. खोक्यावर छापलेले तास खऱ्या वापरात का मिळत नाहीत, याचं उत्तर त्यात होतं. जपानच्या जेइटा संस्थेच्या पद्धतीतही कित्येक वर्षं व्हिडिओ चालू असतानाचा वेळ आणि नुसता डेस्कटॉप उघडा ठेवल्याचा वेळ, यांची सरासरी काढत असत. नुसता उघडा डेस्कटॉप बघत कोण बसतं?

तिसरं उदाहरण ब्राउझरचं. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ चालवून चाचणी घेतली आणि आपला एज ब्राउझर ७ तास २२ मिनिटं, तर क्रोम ४ तास १९ मिनिटं चालल्याचं सांगितलं. दोनच दिवसांत ऑपेराने आपली चाचणी पुढे केली. जाहिराती रोखण्याची सोय आणि पॉवर सेव्हर चालू ठेवल्यावर ऑपेरा एजपेक्षा २२ टक्के जास्त चालतो, असा त्यांचा आकडा होता. प्रत्येकाने आपल्या सोयीचं काम निवडलं, म्हणून प्रत्येक जण जिंकला.

यातून आपण घ्यायचं ते इतकंच : सेटिंग सांगितल्याशिवाय बॅटरीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

घरी चाचणी कशी लावायची

यासाठी वेगळा प्रोग्राम विकत घ्यायची गरज नाही. विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर हे होतं.

१) आधी बॅटरी बघा. लॅपटॉपचा तळ फुगलाय, टचपॅड वर आलाय किंवा झाकण नीट बसत नाही, असं असेल तर चाचणी करूच नका. फुगलेली बॅटरी धोकादायक असते. चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

२) नवा लॅपटॉप पहिल्या दिवशी तपासू नका. पहिले दोनतीन दिवस विंडोज अपडेट उतरवत असतं, फायलींची यादी करत असतं. ते संपू द्या. चाचणीच्या दिवशी अपडेट ‘पॉज’ करा, पण अपडेटची सर्व्हिस मारू नका.

३) चार्जिंगची मर्यादा बघा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू असेल तर चाचणी ८० वरूनच सुरू होते आणि तास कमी आले म्हणून आपण घाबरतो. चाचणीपुरती मर्यादा काढून १०० टक्के चार्ज करा. सॉफ्टवेअर बंद करायचं नाही, फक्त ही एक सेटिंग बदलायची. नंतर ती पुन्हा लावायला विसरू नका.

४) पॉवर मोड रोज असतो तोच ठेवा. बहुतेकांचा ‘बॅलन्स्ड’ असतो. बॅटरी कमी झाल्यावर आपोआप लागणारा बॅटरी सेव्हर, ज्याला नव्या विंडोजमध्ये एनर्जी सेव्हर म्हणतात, तोही रोजच्यासारखाच राहू द्या. तो लागला की स्क्रीन थोडी मंद होते. होऊ द्या, रोजही होतेच.

५) स्क्रीनची चमक ठरवा आणि लिहून ठेवा. खोलीत बसून नीट दिसेल इतकी, समजा ५० टक्के. लॅपटॉपच्या बॅटरीतला मोठा वाटा स्क्रीन खाते, त्यामुळे एका फेरीत ५० आणि दुसऱ्या फेरीत ८० ठेवली तर तुलनाच होत नाही.

६) आता काम लावा. सगळ्यात सोपं म्हणजे डाउनलोड केलेला एक मोठा व्हिडिओ व्हीएलसीसारख्या प्लेअरवर पुन्हा पुन्हा चालेल असा लावायचा. चांगले व्हिडिओ प्लेअर विंडोजला स्वतःच कळवतात, ‘मी चालू आहे, झोपू नकोस.’ त्यामुळे स्लीपची सेटिंग बदलावी लागत नाही आणि प्रोसेसर फ्रेम-फ्रेमच्या मध्ये डुलकी काढत राहतो. झोप रोखली, डुलकी ठेवली.

७) वायफाय रोजच्यासारखं चालू ठेवा. लाईट गेल्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच काम करत असाल तर हॉटस्पॉटच जोडा.

८) चार्जर काढा आणि वेळ लिहा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. गादीवर, उशीवर नको, कारण हवा अडली की पंखा जोरात फिरतो आणि तोही बॅटरी खातो. रात्रभर एकट्याने चालत ठेवू नका, घरात कुणीतरी जागं असताना लावा.

९) मशीन स्वतःहून बंद झालं की चार्जर लावा, चालू करा आणि अहवाल काढा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडायची. तिथे इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, असं टाइप करून एंटर दाबायचं. अहवालाची फाईल कुठे ठेवली ते खिडकीतच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडते.

अहवालात काय बघायचं

त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज ती जितकी भरते तितकी. आणि मागच्या काही दिवसांत बॅटरी केव्हा किती उतरली, याची वेळेसह नोंद. म्हणजे चाचणीची वही विंडोजने आपल्यासाठी लिहिलेलीच असते. काही मशीनमध्ये ‘सायकल काउंट’, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून रिकामी झाली, तोही आकडा मिळतो.

हिशोब सोपा आहे. समजा डिझाइन ५०,००० मिलिवॅट-तास आणि फुल चार्ज ३८,००० आहे. ३८ भागिले ५०, म्हणजे बॅटरीत ७६ टक्के जीव उरलाय. आता मशीन सरासरी ६ वॅट खात असेल तर ३८ भागिले ६, साधारण ६ तास २० मिनिटं. तेच मशीन १२ वॅट खात असेल तर ३ तास १० मिनिटं. बॅटरी तीच असून तास निम्मे झाले. पॉवर मॅनेजमेंट बंद करून चाचणी घेणारा दुसऱ्या आकड्याकडे बघून बॅटरीला दोष देतो आणि दुकानात जाऊन बॅटरी बदलून येतो. नव्या बॅटरीवरही त्याचं दुखणं तसंच राहतं.

चाचणी एकदा करून थांबू नका, तीनदा करा. ५ तास १०, ५ तास २५ आणि ४ तास ५५ मिनिटं असे आकडे आले तर सरासरी ५ तास १० मिनिटं हे उत्तर विश्वासाचं. पण ५ तास १०, २ तास ४० आणि साडेसहा तास असे आले तर सरासरी काढू नका. मध्ये काहीतरी बदललंय, अपडेट चालू होतं का, चमक बदलली का, हे शोधा. मॅकबुकच्या बाबतीत नेमका असाच फरक पडत होता.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलांसाठी

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागात इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं भरपूर. व्हीटीयूचं मुख्यालयच बेळगावात. प्रोजेक्ट म्हणून किंवा मित्राचा लॅपटॉप तपासायला कुणी स्वतः स्क्रिप्ट लिहीत असेल, तर या गोष्टी पाळा.

माऊस हलवून किंवा खोटी की दाबून मशीन जागं ठेवू नका. विंडोजमध्ये प्रोग्रामने रीतसर विनंती करायची सोय आहे, ‘सेट थ्रेड एक्झिक्युशन स्टेट’ या नावाची. तिच्यात ‘सिस्टिम जागी ठेव’ आणि ‘स्क्रीन चालू ठेव’ या दोन विनंत्या वेगवेगळ्या करता येतात. स्क्रीन लागणार नसेल तेव्हा फक्त पहिली करा. कोड लिहायचा नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘अवेक’ हेच काम करतं. मॅकवर ‘कॅफिनेट’ आणि लिनक्सवर ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ आहे. चाचणी संपली की विनंती मागे घ्यायची, नाहीतर लॅपटॉप बॅगेत जागाच राहील.

कोण मशीनला जागं ठेवतंय हे बघायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडा आणि पॉवरसीएफजीलाच ‘रिक्वेस्ट्स’ विचारा. तुमच्या स्क्रिप्टशिवाय दुसरंच नाव दिसलं, तर चाचणी सुरू करायच्या आधीच तो घोळ निस्तरा.

दोन कामांच्या मध्ये माणसासारखा थांबा ठेवा. पान उघडलं की वीस-तीस सेकंद काहीच करायचं नाही. मग थोडं खाली सरकायचं, परत थांबायचं.

वेळेची नोंद मिनिटाला एकदा करा, सेकंदाला नको. दर सेकंदाला फाईल लिहिणारी स्क्रिप्ट प्रोसेसरला आणि डिस्कला झोपूच देत नाही. मोजणाराच बॅटरी खायला लागतो. आणि प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर लिहिली जाईल असं बघा. मशीन अचानक बंद पडल्यावर शेवटची नोंदच हरवली, तर पाच तासांची मेहनत वाया.

कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर चाचणीभर चालू होतं का, हेही त्याच नोंदीत लिहा. मिनिटाच्या नोंदीबरोबर ती सर्व्हिस चालू आहे का एवढं तपासायचं. ती मध्येच पडली असेल तर ती फेरी बाद धरायची.

जुना लॅपटॉप घेताना : अर्ध्या तासाची परीक्षा

बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून सेकंडहँड लॅपटॉप आणणारे आपल्याकडे कमी नाहीत. दुकानात पाच तास बसता येत नाही. पण अर्धा तास मागता येतो.

आधी बॅटरी रिपोर्ट काढा. मग चार्जर काढून व्हिडिओ लावा, अर्ध्या तासाने परत रिपोर्ट काढा आणि किती मिलिवॅट-तास गेले ते बघा. समजा फुल चार्ज ३०,००० आहे आणि अर्ध्या तासात ४,५०० गेले. म्हणजे तासाला ९,०००. ३० भागिले ९, साधारण ३ तास २० मिनिटं. हा अंदाज आहे, कारण जुन्या बॅटऱ्या शेवटी शेवटी एकदम कोसळतात. १५ टक्क्यांवर असताना मशीन बंद पडणं हे त्याचंच लक्षण.

नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका. स्वस्त बदली बॅटरीच्या चिपमध्ये आकडे चुकीचे असू शकतात, रिपोर्ट ९८ टक्के म्हणतो आणि बॅटरी तासाभरात आडवी होते. बॅटरी बदललेली असेल तर तिच्यावर बीआयएसचं चिन्ह, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आहे का, ते विचारा. लिथियम बॅटरीला ही नोंदणी भारतात सक्तीची आहे.

मोबाईलचं काय?

तत्त्व तेच. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये ‘डोझ’ नावाची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि फोन एका जागी पडून असला की ती मागचे उद्योग आवरते. आता कुणी यूएसबी केबल जोडून संगणकावरून चाचणी चालवली, तर केबलमधून फोन चार्ज होत राहतो आणि डोझ लागतच नाही. अशी चाचणी वायफायवरून चालवा, किंवा सरळ रात्रभर फोन ठेवून सकाळी किती टक्के उतरले ते लिहा. रात्रभराची ही नोंद साधी आहे आणि घरच्या वापराला पुरते.

आकडा हातात आल्यावर

आता मुद्द्याची गोष्ट. निपाणीचा माणूस लॅपटॉप घेतो कोल्हापुरात, कारण ते ४० किलोमीटरवर. बेळगाव ७५ च्या आसपास. राज्य बदललं म्हणून तक्रारीला कोल्हापूरलाच हेलपाटे घालावे लागतील, असं अनेकांना वाटतं आणि ते गप्प बसतात. तसं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे खरेदी कोल्हापूरची असली तरी निपाणीकराला बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कागल किंवा गडहिंग्लजच्या माणसाने बेळगावात खरेदी केली असेल तर त्याला कोल्हापूरचा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, बरीच प्रकरणं तिथेच मिटू शकतात.

घरची चाचणी म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, हेही सांगायला हवं. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘लवकर उतरते हो’ असं म्हणणं वेगळं आणि तीन फेऱ्यांचे अहवाल पुढे ठेवणं वेगळं. समोरचा पहिला प्रश्न विचारणार, ‘सेटिंग काय होती? आमचं सॉफ्टवेअर काढलं होतं का?’ पॉवर मॅनेजमेंट चालू ठेवलं असेल आणि तसं लिहिलेलं असेल, तर त्या प्रश्नाला उत्तर तयार असतं. बंद केलं असेल तर तक्रार तिथेच लंगडी पडते.

वॉरंटी कार्डही नीट वाचा. लॅपटॉपला दोन-तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बऱ्याचदा एकच वर्ष असतं. वर्ष संपायच्या महिनाभर आधी एक चाचणी करून ठेवणं शहाणपणाचं.

वहीत हे लिहून ठेवा

• तारीख, लॅपटॉपचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती
• डिझाइन आणि फुल चार्ज कपॅसिटी
• पॉवर मोड कोणता, बॅटरी सेव्हर किती टक्क्यांवर लागतो
• कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर : चालू, कोणत्या मोडवर
• चार्जिंगची मर्यादा : काढली होती का
• स्क्रीनची चमक, वायफाय की हॉटस्पॉट
• काय काम लावलं होतं
• चार्जर काढल्याची वेळ, मशीन बंद पडल्याची वेळ
• तिन्ही फेऱ्यांचे तास

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बॅटरी शून्यापर्यंत उतरवल्याने खराब होत नाही का?*
रोज तसं करू नये. वर्षातून दोनतीनदा चाचणीसाठी चालतं. शून्याच्या जरा आधी मशीन स्वतःच हायबरनेट होतं किंवा बंद होतं, ती सेटिंग बदलू नका. चाचणी झाली की लगेच चार्ज करा.

*पॉवर सेव्हिंग चालू ठेवलं तर आकडा फुगून येणार नाही का?*
तुम्ही रोज ते चालू ठेवता ना? मग तो आकडा फुगलेला नाही, खरा आहे. फुगवायचाच असेल तर लोक स्क्रीन मंद करतात आणि वायफाय बंद करतात.

*दोन लॅपटॉपची तुलना करायची असेल तर?*
दोन्हींची स्क्रीन डोळ्यांना सारखी दिसेल इतकी ठेवा, कारण दोन कंपन्यांचे ५० टक्के सारखे नसतात. काम एकच द्या आणि दोघांचं आपापलं पॉवर मॅनेजमेंट चालू ठेवा. चांगलं पॉवर मॅनेजमेंट हाही लॅपटॉपचा गुणच आहे, तो काढून घेऊन तुलना करणं बरोबर नाही.

*जुन्या बॅटरीचं काय करायचं?*
भंगारात किंवा कचऱ्यात नको, दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

शेवटचं एक. चाचणी करायला सवडीचा दिवस निवडा. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री बॅटरी रिकामी करून बसलात आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली, तर हा सगळा हिशोब कामाला येणार नाही.